नोएलच्या रानात आई

आमच्या त्या घराच्या स्वयंपाकघरातून गवताशिवाय काही दिसत नसे. आयर्लंडमधलं ड्रोहेडा गाव मागे टाकून पश्चिमेला निघालं की चढउतार संपतात आणि सपाट कुरणं सुरू होतात, ती थेट आभाळाला टेकेपर्यंत. मध्ये काटेरी झाडीचे बांध, एखादं पत्र्याचं शेड आणि गुरं. बाबा ड्रोहेडाच्या इस्पितळात भूलतज्ज्ञ होते. आमच्या ओळखीची मराठी कुटुंबं सगळी राजधानीजवळच्या ल्यूकनला, एकमेकांकडून वाटीभर साखर मागता येईल इतकी जवळ राहायची; पण बाबांना ड्युटीनंतर लांबवर गाडी चालवायची नव्हती, म्हणून गावाबाहेरचं हे बैठं घर भाड्याने घेतलं. मी साताऱ्यातली शाळा मध्येच सोडून आलेली, धड लहान नाही धड मोठी नाही अशा वयाची होते. घरात आवाज फार थोडे. पावसाचा, तेलावर चालणाऱ्या बॉयलरच्या घरघरीचा आणि आईच्या लाटण्याचा. बाबा घरी असले की झोपलेले असायचे. आई नको तितक्या पोळ्या लाटायची. उरलेल्या पोळ्यांचा दुसऱ्या दिवशी कुस्करा व्हायचा, तोही उरायचा, मग ती तो परसात नेऊन पाखरांना टाकायची आणि पाखरं येऊन गेली तरी तिथेच भिजत उभी राहायची.

आई फलटणकडची. तिने ॲग्री केलं होतं आणि लग्नानंतर बरीच वर्षं ती माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. शेतकरी रुमालात माती बांधून आणायचे. यंत्रातून आकडे यायच्या आधीच आई चिमूटभर माती बोटांत चोळून, नाकाशी नेऊन काहीतरी पुटपुटायची, हे मी लहानपणी पाहिलेलं होतं. मातीबद्दल कुणी चुकीचं बोललं की तिला राहवत नसे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा तिने एकदा व्याह्यांना चुनखडीच्या जमिनीवरून फैलावर घेतलं होतं. आयर्लंडला ती आली ती बाबांची पत्नी म्हणून. पासपोर्टवरच्या शिक्क्याप्रमाणे तिला नोकरी करायला मनाई होती. पहिल्या वर्षी ती म्हणाली, "बरं झालं, जरा आराम." दुसऱ्या वर्षी काहीच म्हणाली नाही. मी शाळेतून आल्यावर ती विचारायची, "आज काय शिकवलं?" आणि मी आयरिश मुलींसारखा हेल काढून म्हणायचे, "नथिंग, मम." मराठीत उत्तर देणं मी तेव्हा सोडूनच दिलं होतं. पुढे ती भाषा मला पुन्हा धरावी लागली, कारण नंतरच्या काळात आईशी बोलायला दुसरं काही उरलं नाही.

एका सकाळी परसात एक तांबूस गाय उभी होती. आईने प्लॅस्टिकच्या टबात लावलेली मेथी तिने मुळासकट खाल्ली होती आणि आता ती कोथिंबिरीकडे वळली होती. मी दारातूनच किंचाळले. आई मात्र चप्पल न घालता बाहेर गेली. "अगं ए बये, विचारायचंस तरी," असं म्हणत तिने गाईच्या गळ्याखालची लोंबती कातडी खाजवायला सुरुवात केली. गाय मान लांब करून उभी राहिली. थोड्या वेळाने बांधाच्या फटीतून एक उंच, लंगडणारा, डोक्यावर चपटी टोपी घातलेला म्हातारा धापा टाकत आला. हा नोएल. रस्त्यापलीकडचं रान त्याचं. लग्न केलेलं नव्हतं, आईवडील गेलेले, भाचा ऑस्ट्रेलियात. तो काय बोलायचा ते मी इथे मराठीतच लिहिते आहे. त्याचं इंग्रजी तोंडातल्या तोंडात असे आणि आईला ते कळायला बरेच महिने लागले.

"काही नुकसान केलं का हिने, मिसेस?" त्याने विचारलं.

"भूक लागली असेल तिला," आई आपल्या जपून जपून उभ्या केलेल्या इंग्रजीत म्हणाली. "तुमच्याकडे खायला काही नाही का?"

नोएलने मागच्या कुरणांकडे हात केला. "गवत आहे की. इथे गवताशिवाय आहे काय?"

आईने त्याला आत बोलावलं. त्या दिवशी थालीपीठं केली होती. त्याने त्याच्यावर बोटभर लोणी थापलं, खाल्लं, आणि हा आमच्या ब्राउन ब्रेडचा तिखट भाऊ आहे असं जाहीर केलं. त्यानंतर तो आठवड्यातून एकदा तरी येऊ लागला. स्वयंपाकघरातली दाराजवळची खुर्ची त्याचीच झाली. आई त्याला नोएलदादा म्हणायची, आणि त्याला वाटायचं की ती त्याला 'डॅडी' म्हणते आहे. कित्येक दिवस तो त्यामुळे लाजत होता.

मग एकदा आईने त्याच्याकडे फावडं मागितलं. तिला त्याच्या रानातली माती पाहायची होती. मीही गेले. तिने पायाने दाब देऊन एक ठोकळा उचलला आणि गवतावर उपडा केला. वरच्या दोन बोटांत मुळांचं जाळं, त्याखाली निळसर करडा, घट्ट, साबणाच्या वडीसारखा चिखल, आणि त्याला सडक्या अंड्याचा वास. तिने तो बोटांनी फोडला. एकही गांडूळ निघालं नाही. "हिचा श्वास कोंडलाय," ती म्हणाली. "वरून पिशवीतलं खत आणि शेणाचा काला, खाली ट्रॅक्टरचं वजन. गवत वर हिरवं दिसतंय, पण त्याला खाली घर नाही."

नोएलचा चेहरा हळूहळू लाल झाला. "माझ्या आज्यापासून ह्या रानाने आम्हाला पोसलंय, मिसेस," तो म्हणाला. फावडं तिच्या हातातून घेतलं, ठोकळा पुन्हा खड्ड्यात बसवला, वरून बूट दाबला आणि निघून गेला. त्या भागात रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस समोरच्याला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून दाखवतो. ओळख असो नसो. नंतरचे कित्येक आठवडे नोएलच्या गाडीतलं ते बोट आमच्यासाठी उचललं गेलं नाही. आई म्हणाली, "खरं तेच सांगितलं." पण थालीपीठाचं पीठ तिने भिजवलं नाही.

तो परत आला तो खुब्याच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाल्यावर. दारातच उभा राहिला, टोपी हातात घेऊन. गुरं कुणाच्या भरवशावर सोडायची हा प्रश्न होता आणि तो त्याला तोंडाने विचारता येत नव्हता. "मागचं एक रान," तो शेवटी म्हणाला. "त्यात तुला काय हवं ते कर. बाकीच्याला हात लावायचा नाही. आणि मी पडलेला असताना गुरांकडे बघायचं." आई म्हणाली, "आधी आत या." एवढ्यावर सौदा झाला. दोघंही आयुष्यात कधी कुणाला चुकलो म्हणाले नसतील, आणि म्हणूनच बहुधा त्यांचं जमलं.

आईने त्या रानात एकट्या गवताऐवजी पाच-सहा तऱ्हांचं बी एकत्र पेरलं. लाल आणि पांढरा क्लोव्हर, आपल्याकडच्या लसूणघासाचा चुलत भाऊ म्हणावा असा. लांब सोटमुळाची चिकोरी. आणखी काही रानटी दिसणारी पानं. पिशवीतलं खत बंद. बांधावरची झाडी दरवर्षी यंत्राने तासून काढायचे ती तिने वाढू दिली, वारा अडावा आणि गुरांना सावली मिळावी म्हणून. रानाचे तिने विजेचा सौम्य झटका देणाऱ्या तारेने तुकडे पाडले. रोज सकाळी तार उचलायची, गुरांना ताज्या तुकड्यावर घ्यायचं, मागचा तुकडा पुन्हा वाढायला मोकळा सोडायचा. तार उचलण्याआधी ती हाक मारायची, "या गं, या!" पहिल्यांदा गाईंनी नुसतं पाहिलं. नंतर नंतर तिचा आवाज ऐकला की त्या लांबून धावत यायच्या, पोटं हलवत, वासरं मागे. एवढ्या अवजड जनावरांचं धावणं फार हास्यास्पद दिसतं आणि फार आनंदी दिसतं. ह्या गाई दुधाच्या नव्हत्या, वासरांसाठी पाळलेल्या होत्या, तरी आईने त्यांना नावं दिली. तांबडी, चांदी, ठकी, मोरणी. नोएल 'चँडी' म्हणायचा. एखादी व्याली आणि वासराचं पोट भरलं की आई थोडा चीक काढून आणायची आणि आमच्या घरात कुकरमधून वेलदोड्याचा वास यायचा. नोएल खरवस चमच्याने हलवून बघायचा, थरथरतो कसा ते, आणि "ग्रँड," म्हणून दोन वाट्या संपवायचा. आई जेवायला लागली होती. तिच्या रबरी बुटांना मागच्या दारात जागा झाली होती, आणि तोवर तिच्या कागदपत्रांचं कामही मार्गी लागलं होतं, त्यामुळे नोएलबरोबर ती रीतसर भागीदार झाली.

लोक हसले. तणाची शेती करतोस का, असं नोएलला बाजारात विचारलं जायचं. ल्यूकनच्या गणपतीत मंजिरीकाकूंनी, ज्यांचं मन खरं तर वाईट नव्हतं, आईचे हात हातात घेऊन पाहिले. "अगं सुनंदा, डॉक्टरची बायको ना तू? हे काय, नखांत शेण?"

"माती आहे," आई म्हणाली. "शेण असतं तर वास आला असता."

परतताना गाडीत बाबा म्हणाले, "हातमोजे घालत जा ना." आईने काच खाली करून वारा घेतला. तिला राग आला नव्हता. तेव्हा तिच्या मनाला काहीच लागत नव्हतं.

मग तो कोरडा उन्हाळा आला. आयर्लंडमध्ये असे उन्हाळे क्वचित येतात, आणि आले की लोक आधी आईस्क्रीम खातात आणि मग घाबरतात. आजूबाजूची कुरणं आधी पिवळी पडली, मग तपकिरी. हिवाळ्यासाठी दाबून ठेवलेला मुरघास लोकांनी भर उन्हाळ्यात उघडला. आईचं मागचं रान मात्र हिरवं राहिलं. त्या लांब मुळांनी खालचा घट्ट थर फोडला होता आणि खालची ओल वर आणली होती. रविवारी चर्चमधल्या मासनंतर माणसं गाड्या थांबवून फाटकावर कोपर टेकून उभी राहू लागली. बराच वेळ पाहून झाल्यावर एखादा विचारायचा, "पेरलंयस काय त्यात, नोएल?" आणि नोएल, जो रानात बूट दाबून निघून गेला होता, तो अंगठ्याने आईकडे दाखवून म्हणायचा, "मला नको विचारू. तिला विचार." आई फावडं घेऊन यायची, ठोकळा उलटा करायची. गांडुळं वळवळायची. ती बोलायला लागायची आणि ती थोराड, लालसर माणसं वाकून तिच्या तळहाताकडे पाहायची. तिचा तो आवाज मी त्याआधी तिच्या प्रयोगशाळेतच ऐकला होता. त्या वर्षाच्या शेवटी नोएलने सगळं रान तिच्या हाती दिलं.

इथे मला थांबावंसं वाटतं. मी आता आईच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले आहे आणि मला कळतं, की माणसाला असा एखादा उन्हाळा मिळाला तरी पुष्कळ. पण आईला ते पुष्कळ वाटलं नाही, आणि ते तिला पटवून देणारी मी कोण.

दरवर्षी गुरांची क्षयाची तपासणी व्हायची. पशुवैद्य यायचा, मानेच्या कातडीत सुई टोचायचा, आणि दोन-तीन दिवसांनी परत येऊन गाठ आली का ते बोटांनी चाचपायचा. आमच्याकडे ती कायम साफ निघालेली. त्या वर्षी आलेला पशुवैद्य तरुण होता, शिट्टी वाजवत तपासत होता. तांबडी झाली, मोरणी झाली. चांदीच्या मानेपाशी त्याची शिट्टी थांबली. त्याने पुन्हा चाचपलं, मोजलं. आईने आपणहून हात पुढे केला आणि तीच जागा चाचपली. लिंबाएवढी गाठ होती. त्या दिवशी आणखी काहींना निघाली. ती गुरं वेगळी बांधली गेली आणि लवकरच नेली गेली. बाकीच्यांना रानाबाहेर काढायची बंदी. काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. ह्या वेळी आई स्वतःच प्रत्येकीच्या मानेवरून पशुवैद्याच्या आधी हात फिरवत होती, आणि तिचा चेहरा पाहून पुढचं मला कळत होतं. सरकारी पशुवैद्यांनी येऊन नोएलच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं, की सगळाच कळप काढावा लागेल. धडधाकट दिसणाऱ्याही. त्यांची भाषा फार सौम्य होती. भरपाई मिळते, ती पुढे मिळाली; तिच्याबद्दल आमच्या घरात कुणी कधी चकार शब्द काढला नाही.

"माझ्यामुळे झालं का?" आईने विचारलं.

"हे कुणालाच सांगता येणार नाही," ते म्हणाले. "शेजारच्या गुरांकडून आलं असेल, हरणांकडून, बॅजरकडून, विकत आणलेल्या वळूकडून. पुष्कळ वाटा असतात."

बॅजर म्हणजे तोंडावर काळेपांढरे पट्टे असलेलं, कुत्र्याएवढं, जमिनीत बिळं करून राहणारं जनावर. त्याला क्षय होतो आणि त्याच्यापासून गुरांना होऊ शकतो. आमच्या वाढलेल्या बांधात त्यांची बिळं होती. पिल्लं दिसली तेव्हा आईने मला हाक मारून दाखवली होती. आता फाटकाशी थांबलेला एक शेजारी, तोच ज्याने कोरड्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त प्रश्न विचारले होते, सहज म्हणाला, "एवढी दाट झाडी ठेवली की बॅजर येणारच." त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. पण पशुवैद्यांनी सांगितलेल्या साऱ्या वाटांमधून आईने ती एकच वाट उचलली आणि तिच्यावरून ती पुन्हा पुन्हा चालत राहिली. बाबा तिला समजावत. एका संध्याकाळी जेवताना ती एकदम म्हणाली, "तुमच्याकडे क्षयाला गोळ्या आहेत ना?"

"आहेत," बाबा म्हणाले.

"मग?"

"त्या माणसांसाठी, सुनंदा."

आईने मान हलवली, जणू तिला हे आत्ताच कळलं. बाबांनी आमच्या सगळ्यांच्या तपासण्या करून घेतल्या. आम्ही तिघंही ठणठणीत होतो. तो निकाल ऐकून आईच्या तोंडावर जे उमटलं, त्याला सुटका म्हणता येणार नाही.

ट्रक आला तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. मी शाळेत गेले नाही. नोएल आपल्या स्वयंपाकघरात रेडिओ मोठा लावून बसला होता आणि दार त्याने आतून ओढून घेतलं होतं. ट्रकबरोबर आलेल्या माणसाच्या हातात प्लॅस्टिकची काठी होती. त्याने मागची फळी खाली सोडली, तिचा अंगणात धाडकन आवाज झाला, आणि रानाच्या त्या टोकाला सगळ्या माना वर झाल्या.

"काठी नको," आई म्हणाली.

"मिसेस, त्या अशा चढत नाहीत. तुम्ही आत जा, आम्ही करतो."

"माझ्या येतात," आई म्हणाली. आजवर 'माझ्या' असं ती कधी म्हणाली नव्हती; 'आपल्या' म्हणायची, नोएलसकट.

ती फाटकाशी गेली, तार उचलली आणि नेहमीच्याच आवाजात तिने हाक मारली, "या गं, या!" आणि त्या आल्या. धावत आल्या, पोटं हलवत, तांबडी पुढे. त्यांना वाटलं ताजं गवत आहे. आई त्यांच्यापुढे चालू लागली आणि त्या अंगणातून तिच्या मागे फळीपर्यंत आल्या. तिथे तांबडी थबकली. तिने पुढचा पाय ठेवला, फळी पोकळ वाजली, तिने पाय मागे घेतला. ट्रकवाल्याने काठीकडे पाहिलं, पण उचलली नाही. मग आई स्वतः ट्रकमध्ये चढली. आत अंधारात उभी राहून ती तांबडीशी बोलत राहिली, काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि तांबडी चढली. तिच्या मागे बाकीच्या. मी शेवटचं फाटक ओढून धरलं होतं. ठकी माझ्या बाहीला नाक लावून पुढे गेली, त्या ओल्या डागाकडे मी दिवसभर बघत होते. सगळ्या आत गेल्यावर आई बाजूच्या लहान दारातून बाहेर आली. तिच्या खांद्यावर पेंढ्याची काडी होती. ट्रकवाल्याने टोपी काढली आणि म्हणाला, "अशा गाई मी पाहिल्या नाहीत." बहुधा त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं.

वळणापलीकडे जाईपर्यंत हंबरणं ऐकू येत होतं. मग रेडिओ तेवढा राहिला, त्यावर कुणीतरी हवामानाबद्दल बोलत होतं. आईने रानातली तार गुंडाळायला घेतली. एकेक खुंटी उपटून, चिखल पुसून, तिची जुडी बांधून तिने सगळं शेडमध्ये नीट रचून ठेवलं. मी म्हणाले, "मम, लीव्ह इट." ती म्हणाली, "गंजेल." बाबा संध्याकाळी आले, त्यांनी चहा केला, कधी नव्हे ते आलं किसून घातलं, आणि आम्ही तिघं तो पिऊन उठलो.

शेड धुऊन निर्जंतुक झालं. ठरलेला काळ रान रिकामं ठेवायचं आणि मग पुन्हा गुरं आणता येतात, अशी पद्धत आहे. पुष्कळ जण तसं करतात. त्या रिकाम्या महिन्यांत क्लोव्हर कमरेपर्यंत वाढला, फुलला, मधमाश्यांनी भरून गेला आणि आडवा पडून सडला. आई वाट पाहत होती की नोएलदादा विषय काढतील. नोएल वाट पाहत होता की ती काढेल. मी डब्यातून त्याला खिचडी नेऊन द्यायचे. तो विचारायचा, "काय म्हणते तुझी आई?" मी म्हणायचे, "काही नाही." घरी आल्यावर आई विचारायची, "काय म्हणाले?" "काही नाही." तिला भीती होती की तो म्हणेल, तुझ्या झाडीने माझी गुरं मारली. त्याला काय भीती होती ते मला कधीच कळलं नाही. एकदाच तो डबा परत देताना म्हणाला होता, "आता मला कुणाचीच मान चाचपायची नाही, केट." माझं मराठी नाव त्याला जमत नसे, म्हणून मी केट. मी हे आईला सांगितलं. तिने डबा घेतला आणि घासत राहिली.

पुढच्या वसंतात एका सकाळी लांब हातांचं फवारणीचं यंत्र रानात शिरलं. ऑस्ट्रेलियातल्या भाच्याने फोनवरून सगळं ठरवलं होतं. दूधधंदा करणाऱ्या एका मोठ्या माणसाला रान भाड्याने दिलं होतं, आणि त्याला तिथे साधं एकजात गवत हवं होतं. नोएलने येऊन सांगितलं नाही. येववलं नसेल. तणनाशक मारल्यावर कुरण लगेच मरत नाही. आधी मलूल होतं, मग काही दिवसांत सगळंच्या सगळं नारिंगी होतं, चांगल्या पिकलेल्या संत्र्यासारखं. उन्हात ते सुंदरसुद्धा दिसतं. आई तव्यापाशी उभी होती. पोळी करपल्याचा वास आला म्हणून मी आले, तर ती बाहेर बघत होती. "चिकोरी अजून तग धरून आहे," ती म्हणाली. "मुळं खोल आहेत ना. तिला जास्त वेळ लागतोय." मग तिने गॅस बंद केला.

त्याच वर्षी आम्ही ल्यूकनला आलो. घरामागे घर, त्यामागे घर. मंजिरीकाकू आणि इतर सगळ्यांनी आईला सांभाळून घेतलं, तिला डबे करायला लावलं, तिचा चांगला जम बसला. लोक म्हणतात, सुनंदाताई खंबीर आहेत. मी पूर्वी मान डोलवायचे. आता मला तो शब्द ऐकवत नाही. मोडून पडण्यासारखं जे होतं ते त्या शेडच्या अंगणातच राहिलं, आणि जे इथे आलं ते स्वयंपाक करतं, बाबांच्या गोळ्यांची आठवण ठेवतं, गणपतीला एकवीस मोदक वळतं. तिने घरात तुळससुद्धा लावली नाही. नोएल गेला तेव्हा आम्ही तिघं गेलो होतो. उघड्या शवपेटीजवळून सरकणाऱ्या लोकांच्या रांगेत उभं राहून आईने भाच्याशी हस्तांदोलन केलं, हॉलमध्ये सँडविच खाल्लं. परतताना ती एवढंच म्हणाली, "टोपी घातली नव्हती त्यांना. ओळखू येत नव्हते."

मागच्या महिन्यात मी आईकडे गेले होते. ती टेबलाशी बसून मेथी निवडत होती. फोन वाजला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, तिकडचीच, त्या सपाट भागातली. वडिलांची शेती तिने नुकतीच हातात घेतली होती. खतं परवडत नव्हती, दोन कोरडे उन्हाळे लागोपाठ गेले होते, आणि तिच्या वडिलांनी कुठल्याशा जुन्या फाटकावर टेकून ऐकलेलं काहीतरी त्यांना अर्धवट आठवत होतं. एक भारतीय बाई, मिश्र कुरण. विचारत विचारत तिने नंबर मिळवला होता. आईने सगळं ऐकून घेतलं. "मी आता शेती करत नाही," ती म्हणाली. मुलगी बोलतच राहिली, उत्साहात, माफी मागत. बी पेरून झालं होतं, छान उगवलं होतं, आता गुरं कधी सोडायची आणि किती खाऊ द्यायचं, एवढंच तिला हवं होतं. आईने फोन माझ्याकडे दिला आणि पुन्हा मेथीची जुडी सोडली.

मला आठवत होतं तेवढं मी सांगितलं. रोज नवा तुकडा द्यायचा, मागचा मोकळा ठेवायचा. "आणि प्रत्येक तुकडा अगदी तळापर्यंत खाऊन घेऊ द्यायचा," मी म्हणाले, "मगच पुढे न्यायचं." आईची बोटं थांबली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे उलट आहे. तळापर्यंत खाल्लं तर चिकोरी आणि क्लोव्हर मरतात. वीतभर ठेवूनच गुरं हलवायची असतात, ती रोज सकाळी तेवढ्याचसाठी तर जायची. मी आईकडे पाहिलं. फोनवर ती मुलगी लिहून घेत होती, "तळापर्यंत... थँक्स अ मिलियन..." मी वाट पाहिली. आई म्हणेल, नाही गं, चूक सांगतेयस, दे इकडे. मातीबद्दलची चूक तिने कधी कुणाची ऐकून घेतली नव्हती.

आईने एक पिवळं पान बाजूला काढलं आणि पुढची काडी हातात घेतली.